मयताची जागा

सेलूला मी ज्या शाळेत शिकवतो, तिथल्या स्टाफरूममध्ये मला पहिली काही वर्षं कुणी फारसं विचारत नसे. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. चार माणसांत बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवून बघायचो, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. पण आमच्या गावातल्या खुनाचा खटला परभणीच्या कोर्टात उभा राहिला आणि माझा भाव एकदम वधारला. मधल्या सुट्टीत डबे उघडले की पहिला प्रश्न मलाच.

"सर, तुमच्याच गावचं ना ते?"

"गल्लीतलंच. आमच्या घरापासून तिसरं घर."

गाव आमचं चुडावा स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या गल्लीतला एक माणूस एका सकाळी स्वतःच्याच ओसरीवर पडलेला सापडला. डोक्याला मार. भावानं आणि चार जणांनी त्याला जीपमध्ये घालून पूर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा आधीच गेलेला आहे. त्यांनीच पोलिसांना कळवलं. दुपारपर्यंत पोलीस गावात आले आणि संध्याकाळी त्याच्या बायकोला घेऊन गेले. तेव्हापासून दोन वर्षं ती आतच होती.

तिच्याविरुद्ध तीन गोष्टी होत्या. आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोचं भांडण झालेलं गल्लीनं ऐकलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर सगळी चर्चा चालली होती: पोलीस पोचले तेव्हा ओसरीवरची ती जागा शेणानं ताजी सारवलेली होती. रक्ताचा मागमूस नाही. "कुणी सारवलं?" असं पोलिसांनी विचारल्यावर ती "मी" म्हणाली, असं दिरानं कोर्टात सांगितलं होतं.

आमच्याकडे मोबाईलवर बातम्या देणारी दोन-तीन चॅनेलं आहेत. एका खोलीत पडदा लावून, माईक धरून बसलेली माणसं. त्यांनी ते सारवण उचललं. रोज संध्याकाळी चर्चा. दोन्ही बाजूंचे लोक भांडायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच भांडण आमच्या स्टाफरूममध्ये.

"निर्दोष बाई नवरा मेल्यावर छाती बडवून घेईल का शेण कालवेल?" आमचे पीटीचे सर म्हणायचे.

गणिताच्या मॅडम त्यांना सोडायच्या नाहीत. "घरात काही सांडलं की बाईचा हात आपोआप फडक्याकडे जातो, सर. तुम्ही आयुष्यात काही पुसलंय का? तुम्हाला काय कळणार."

"मॅडम, मी फळा पुसतो."

"तो पण पोरांकडून."

सगळे हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाक्य मनात जुळलेलं होतंच.

मी म्हणालो, "हे बघा, आमच्या गावात मयताची जागा सारवायची रीत आहे, ही गोष्ट खरी. पण कधी? प्रेत स्मशानात नेल्यावर. हा माणूस दवाखान्यात नेलेला होता. तो गेला की आहे हे डॉक्टरांनी अजून सांगायचं होतं. जिवंत माणसाची जागा कुणी सारवतं का? मग तो परत येणार नाही, हे तिला आधीच कसं माहीत होतं?"

पीटीच्या सरांनी टेबलावर हात आपटला. "लिहा सर हे. लिहाच!"

मी लिहिलं. मोबाईलवरच लिहिलं, पण शुद्धलेखन तीनदा तपासून. खाली नाव न घालता 'त्याच गावचा एक शिक्षक' एवढंच घातलं. तो मजकूर शाळेच्या गटावरून निघाला तो कुठल्या कुठे गेला. चौथ्या दिवशी त्यातल्या एका चॅनेलवाल्यानं तो चर्चेच्या सुरुवातीला मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "याला म्हणतात अभ्यास." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

ती बाई मला परकी नव्हती, हेही सांगायला हवं. गल्लीत दहावी झालेली ती एकटीच सून होती. मी नांदेडला शिकत होतो तेव्हा माझा बी.ए.चा निकाल तिनंच तिच्या मोबाईलवर बघून माझ्या आईला वाचून दाखवला होता. विषयवार मार्क सांगितले होते आणि मग घरातली साखर आणून आईच्या तोंडात घातली होती. मजकूर लिहिताना मला हे आठवलं होतं. पण मी स्वतःला समजावलं की उपकार वेगळे आणि पुरावा वेगळा, आणि या विचाराचाही मला थोडा अभिमान वाटला.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारची गाडी धरून मी गावाकडे निघालो. परभणीच्या पुढे समोरच्या बाकावर बसलेल्या एका गृहस्थानं माझाच मजकूर मला दाखवला. "वाचा गुरुजी. लय डोकं चालवलंय ह्या माणसानं." मी वाचल्यासारखं केलं आणि मान हलवली.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. गल्लीत कुणाचं मयत झालं की आधी तिला बोलावतात. प्रेताला आंघोळ घालणं, काय आणायचं, कुणी काय करायचं, हे तिला ठाऊक. मला वाटलं, तिला ऐकवावं. पोरानं लिहिलेलं एवढ्या लोकांसमोर वाचलं जातंय. मी तो कार्यक्रम लावला आणि मोबाईल सुपाजवळ ठेवला.

तिनं ऐकलं. शेंगा सोलायची थांबली.

"हे कुणाचं सांगायलाय त्यो?"

"आपल्या गल्लीतलंच. त्या खटल्याचं. अन हे जे वाचलं ना त्यानं, ते मी लिहिलंय, माय."

"ते सारवलं म्हणून तिला धरलंय?"

"त्याच्यावरच तर सगळं चाललंय. पुरावा नष्ट केला तिनं."

आईनं हातातली शेंग सुपात टाकली. "ती कुठं सारवलीय? म्या सारवलंय ते."

मला आधी वाटलं तिचा काही घोटाळा होतोय. मी म्हणालो, "माय, मी त्या दिवशीचं म्हणतोय. पोलीस आले त्या दिवशीचं."

"त्याच दिशीचं सांगायलेय. जीप गल्लीच्या बाहेर पडली अन म्या शेणाची पाटी घेऊन गेले. ती कोपऱ्यात बसलेली. रडंना, बोलंना. कोण करावं मग? म्या केलं."

"पण माणूस दवाखान्यात होता ना! मयत स्मशानात नेल्यावर सारवतात."

"कोण म्हणतं?"

"मी लहानपणापासून बघत आलोय."

"काय बघितलास रे तू?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तुमी गडीमाणसं मयतासंगं जाता. मागं घरात काय व्हतं, तुमाला काय ठाव? मयत उंबऱ्याच्या बाहेर पडलं की जागा सारवायची. गाडी पूर्ण्याला गेली का स्मशानात गेली, त्याचं बायांना काय? त्याचे पाय गार पडले व्हते. डोळे म्याच झाकले. दवाखान्यात नेलं ते तुमा गड्यांच्या समाधानाला."

माझी चूक मला तिथंच दिसली. आम्ही पुरुष स्मशानातून परत येतो तेव्हा जागा सारवून वाळत आलेली असते. म्हणून मी धरून चाललो होतो की ती आम्ही स्मशानात असताना सारवतात. उरलेल्या अर्ध्या गावाला मी कधी विचारलंच नव्हतं. आणि विचारायला लांब कुठं जायचं नव्हतं.

"मग ती 'मी सारवलं' असं का म्हणाली?"

आई शेंगांकडे बघत म्हणाली, "फौजदार वरडून इचारला, कुणी सारवलं म्हणून. माझे हात तवा बी शेणाचेच, तिला सोडून धुवायला उठलेच न्हवते. म्या पदराखाली घेतले. तिनं बघितलं. अन म्हणली, मी. म्या भेले रे बाबा. मला वाटलं, सारवण्याचं काय एवढं, इचारलं अन सोडून दिलं. त्याच्यावरून तिला आत ठिवलंय हे मला आज कळायलंय, तुझ्या मोबाईलमधून."

इथं मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते. मी म्हणालो, "आता कुणाजवळ बोलू नको हे." मला एकदम सगळं दिसलं होतं: पोलीस दारात, पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा सत्तरीच्या आईवर, आणि स्टाफरूम. मी तिला समजावलं की खटला आता संपत आलाय, कोर्ट बघून घेईल, एका सारवणानं काही होत नसतं. पीटीच्या सरांना मी याच्या अगदी उलट सांगितलं होतं.

ती जेवली नाही. रविवारभर माझ्याशी बोलली नाही. मी पाणी मागितलं तर तांब्या समोर ठेवायची आणि आत जायची. सोमवारी पहाटेच्या गाडीला निघालो तर ती धुवट लुगडं नेसून दारात उभी. हातात पिशवी.

"कुठं?"

"परभणीला. तू मला टेशनावर उतरून दे अन जा तुझ्या साळंला. कोर्ट म्या इचारत जाईन."

मी शाळेत फोन करून रजा टाकली.

त्या बाईचं वकीलपत्र कोर्टानं सरकारी मदतीतून नेमून दिलेल्या एका तरुण वकीलबाईंकडे होतं. कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली त्यांचं टेबल होतं. त्यांनी आईचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "मावशी, मी तुमच्या गल्लीत दोनदा येऊन गेले. एकीनंही तोंड उघडलं नाही."

"मला इचारलं न्हाई तुमी."

"तुम्ही घरी नव्हता. रानात होता म्हणे."

"आसंन."

"आणि हे बघा, उलटतपासणीत ते तुमच्यावरच घसरतील. इतके दिवस का गप्प होता म्हणतील. खोटं बोलता म्हणतील. तुमच्यावरही बालंट येऊ शकतं."

"येऊ द्या. दोन वरसं ती माझ्या वाटचं बसलीय."

वकीलबाईंनी मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. "सर, तुम्ही शिकलेले आहात. हे कुण्या शिक्षकानं लिहिलंय तुमच्याच गावच्या. सगळे हेच तोंडावर फेकतात. याला उत्तर काय द्यायचं ते मी आठ दिवस शोधतेय."

"ते मी लिहिलंय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "मग आधी ते काढून टाका."

मी तिथंच काढून टाकलं. पण लोकांच्या मोबाईलमध्ये जे गेलं होतं ते तिथंच राहिलं.

साक्षीचा दिवस आला तेव्हा कोर्ट भरलेलं होतं. चॅनेलवाले बाहेर उभे. ती बाई मागच्या बाजूला पोलीस शिपाईबाईजवळ बसली होती. खूप वाळली होती. आईनं पिंजऱ्यात चढायच्या आधी तिच्याकडे बघून हात जोडले, तेव्हा शिपाईबाई म्हणाली, "आजी, पुढं बघा."

आईनं जे घरी सांगितलं तेच तिथं सांगितलं. मग सरकारी वकील उठले. वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"तिथं रक्त होतं का?"

"व्हतं. तळहाताएवढं."

"ते दिसलं तरी तुम्ही सारवलं?"

"व्हय."

"तो पुरावा आहे, असं मनात आलं नाही?"

"पुरावा कसा दिसतो, मला काय ठाव साहेब? मला मयताची जागा दिसली."

"पोलिसांनी विचारलं तेव्हा का बोलला नाहीत?"

"भेले."

"आणि आता भीती गेली?"

"न्हाई. आता बी भेतेच की."

मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीश बाईंनी मान वर केली तसं थांबलं.

"तुमचा मुलगा शिक्षक आहे. आरोपीच्या शेजारचा आहे. हे सगळं त्यानं शिकवलं ना तुम्हाला?"

"त्यानं तर उलटंच लिवलं व्हतं साहेब, समद्या जिल्ह्याला दाखवलं. त्याला म्या शिकवलं."

या वेळी हसू कुणाला आवरलं नाही. मी खाली बघत बसलो. माझे कान तापले होते, पण त्या क्षणी मला ती जितकी माझी आई वाटली तितकी पूर्वी कधी वाटली नव्हती.

सरकारी वकिलांनी शेवटी तो प्रश्न विचारला ज्याची आमच्या वकीलबाईंना सगळ्यात जास्त धास्ती होती. सारवताना तुम्हाला आरोपीशिवाय कुणी पाहिलेलं नाही. ते तुम्हीच सारवलं कशावरून?

आई म्हणाली, "त्या जाग्याचा फोटू काढला व्हता ना पोलिसांनी? दाखवा."

कागदांच्या गठ्ठ्यातून फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, "हे माझंच हाय. डाव्या हाताचं."

कुणाला कळेना. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "म्हणजे?"

आई पिंजऱ्यातून खाली उतरली. मला वाटलं तिला कुणी अडवील, पण कुणी अडवलं नाही. तिनं पदर खोचला, कोर्टाच्या फरशीवर उकिडवी बसली आणि कोरड्या फरशीवरून डावा हात फिरवत मागं सरकू लागली. "मी डावरी हाय, बाईसाहेब. बायका सारवत्यात ते असं वळतं, माझं असं वळतं. सासूनं लय बोल लावले मला यापायी. गल्लीतल्या बाया मयताची जागा मुद्दाम मलाच सारवायला लावायच्या, डाव्या हाताचं काम म्हणून."

न्यायाधीश बाई खुर्चीतून थोड्या वाकून बघत होत्या. फोटोत शेणाच्या रेघांच्या कमानी स्पष्ट उमटलेल्या होत्या, सगळ्या एका बाजूला वळलेल्या. वकीलबाईंनी आरोपीला कोणत्या हातानं काम करतेस म्हणून विचारलं. तिनं उजवा हात वर केला.

"डाव्या हातानं कुणीही सारवू शकतं," सरकारी वकील म्हणाले.

फरशीवरूनच आई म्हणाली, "सारवून दाखवा."

निकाल दीड महिन्यानं लागला. सारवणावरून तिला दोषी धरता येत नाही, आणि ते वगळलं तर भांडणाशिवाय हातात काही उरत नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन तिची सुटका. चर्चा तेवढ्यानं थांबली नाही. चॅनेलवर आता 'संशयाचा फायदा म्हणजे निर्दोष का?' असा विषय लावला. स्टाफरूममध्ये पीटीचे सर म्हणाले, "फितवलं असेल म्हातारीला." मी म्हणालो, "ती माझी आई आहे, सर." ते डबा बंद करून म्हणाले, "माफ करा, लक्षात नाही आलं." गणिताच्या मॅडमनी त्यांच्या डब्यातली बुंदी न विचारता माझ्या डब्यात वाढली.

खरं काय घडलं, तो माणूस पायरीवरून पडला का कुणी मारला, हे मला माहीत नाही. आईलाही नाही.

सुटकेच्या दिवशी आम्ही दोघं परभणीच्या तुरुंगाबाहेर उभे होतो. तिचा भाऊ सेलूकडच्या खेड्यातून आला होता. सासरचं कुणी नव्हतं. ती कापडी पिशवी घेऊन बाहेर आली आणि आई तिच्या पायाकडे वाकली तशी तिनं आईला वरच्या वर धरलं.

"काकू, असं करू नका."

"म्या गप बसले ग बाई. मला बोलायला पायजे व्हतं."

"मी काय तुमाला वाचवलं नव्हतं," ती म्हणाली. "त्या दिशी माझा हात उचलत नव्हता. ते काम माझं व्हतं, माझ्या घरचं. तुमी माझ्या वाटचं केलं. मग माझंच झालं ना ते? म्हणून म्हणले, मी."

भाऊ रिक्षा बघायला गेला. मग ती माझ्याकडे वळली. पूर्वी ती मला नावानं हाक मारायची.

"सर, तुमी लिहिलेलं आत आलं व्हतं. एका बाईच्या भेटीला आलेल्या माणसानं सांगितलं. खरंच वाटलं व्हतं का तुमाला तसं?"

"हो," मी म्हणालो.

"अन आता?"

"कुणी केलं ते मला माहीत नाही. पण ती जागा तुम्ही सारवली नव्हती. मी लिहिलं ते चूक होतं."

तिनं मान हलवली. रागावली नाही, बरं वाटल्यासारखंही दिसलं नाही. "मग तेवढं लिवा. ते पयलं सगळ्यांनी वाचलंय."

रिक्षा आली. आईनं पिशवीतून भाकरी आणि तिळाची चटणी काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि गाडीत बसल्यावर आधी खा, मग झोप, असं दोनदा बजावलं. आमच्या गल्लीत परत येणार का, हे आम्ही दोघांनीही तिला विचारलं नाही. ती आलेली नाही. भावाकडेच आहे. सेलूच्या बाजारात एकदा दिसली, तर मी शाळेच्या गटावर आणि त्या चॅनेलवाल्याला पाठवलेला दुसरा मजकूर तिला वाचून दाखवला. चॅनेलवाल्यानं तो कार्यक्रमात वाचलाच नव्हता. या वेळी मी खाली माझं नाव घातलं होतं. ती म्हणाली, "काकूचं नाव बी घालायचं." म्हणून हे सगळं पुन्हा, सविस्तर लिहायला बसलो. पण आईला विचारलं तर ती म्हणाली, "माझं नाव कशाला? तिचं बी नको घालू. लोकांनी लय घेतलंय तिचं."